कळफलकातील धातूच्या संपर्काला आता निवृत्ती द्यावी का?

मुद्रितशोधक (धागाकर्ता)

मी रोज इनस्क्रिप्ट या देवनागरी कळरचनेत मजकूर टंकतो. गेल्या पावसाळ्यात माझ्या यांत्रिक कळफलकावरची काना उमटवणारी कळ, म्हणजे इंग्रजी ‘ई’ची कळ, एकदा दाबली तरी दोनदा उमटू लागली. ‘का’ लिहावा तर त्याच्या पुढे ठिपक्यांचे वर्तुळ आणि त्यावर आणखी एक काना! अशा कळफलकात प्रत्येक कळीखाली एक स्विच असतो; त्यातला दांडा खाली गेला की धातूची एक पातळ पट्टी दुसरीला टेकते आणि परिपथ पूर्ण होतो; परंतु टेकताना ती थरथरते, काही मिलिसेकंद परिपथ जुळतो आणि तुटतो, आणि ती थरथर गाळण्यासाठी फर्मवेअरला, म्हणजे कळफलकातल्या आज्ञावलीला, मुद्दाम थांबावे लागते. संपर्क मळला की थरथर लांबते आणि गाळणी अपुरी पडते.

हॉल परिणामावर, म्हणजे चुंबकीय क्षेत्रामुळे वाहकात विद्युतदाब निर्माण होण्यावर, चालणाऱ्या स्विचमध्ये टेकणे हा प्रकारच नाही. दांड्यातील लोहचुंबक खाली येतो आणि सर्किट बोर्डावरील संवेदक चुंबकीय क्षेत्र मोजतो. एडविन हॉल यांचा शोध १८७९ चा आणि हनीवेल कंपनीच्या मायक्रो स्विच विभागाचा या तत्त्वावरील कळफलक १९६८ चा. म्हणजे तंत्र नवे नाही, आपणच त्याच्याकडे उशिरा वळलो. माझ्या मते संपर्काच्या स्विचने आता बाजूला व्हावे.

परिपथी

पूर्णपणे असहमत. चेरी कंपनीच्या एमएक्ससारख्या यांत्रिक स्विचमध्ये संपर्कबिंदूंवर सोन्याचा थर असतो आणि सोने दमट हवेने गंजत नाही. दोष बहुधा आत गेलेल्या धुळीचा असावा. क्यूएमके हे मुक्त फर्मवेअर असेल तर थरथर गाळण्याचा काळ मुळातल्या ५ मिलिसेकंदांवरून १० करून पाहा, टंकताना हा फरक बोटांना जाणवणार नाही. तेवढ्याने भागले नाही तर तो एक स्विच बदला.

हॉल संवेदकाचे काय? त्याचे मोजमाप तापमानाने सरकते, म्हणून कळफलकाचे वेळोवेळी अंशांकन (मोजमाप पुन्हा जुळवणे) करावे लागते. शेजारच्या कळीच्या चुंबकाचा प्रभाव हिशेबात धरावा लागतो. शिवाय मोजमाप चालू असताना प्रत्येक संवेदक वीज खातो, तर न दाबलेला धातूचा संपर्क काहीच खात नाही. बॅटरीवर चालणाऱ्या कळफलकासाठी हा मुद्दा निर्णायक आहे.

जुना_टंकलेखक

दोघेही एक गोष्ट गृहीत धरत आहात, की बोटाला जे जाणवते त्यावरूनच आतले तंत्र ठरते. आयबीएमच्या १९८१ च्या पीसीसोबत आलेल्या मॉडेल एफ कळफलकामध्ये कळीखालची स्प्रिंग दाबाने एकाएकी वाकते, तिच्या तळाशी असलेली पट्टी कलंडते, आणि बोर्डावरील पृष्ठाशी तिचे अंतर बदलल्याने विद्युतधारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, बदलते. संपर्क कुठेच होत नाही. १९८५ च्या मॉडेल एममध्ये तीच वाकणारी स्प्रिंग ठेवून खाली स्वस्त प्लास्टिकचे पातळ पडदे घातले आणि त्यांवरील वाहक रेघा एकमेकींना टेकू लागल्या. खटका तोच राहिला, शोधण्याची रीत मात्र पुन्हा संपर्काकडे गेली, आणि त्यामागे तंत्राची श्रेष्ठता नव्हती. टोप्रे या जपानी कंपनीच्या स्विचमधील रबरी घुमटाखालच्या शंकूच्या आकाराच्या स्प्रिंगेतही धारिताच मोजतात. तेव्हा संपर्क टाळायचा तर चुंबकच हवा असे नाही.

मुद्रितशोधक

बॅटरीचा मुद्दा मान्य. ‘एक स्विच बदला’ हे मात्र स्विच सॉकेटमध्ये बसवलेला असेल तरच सोपे. माझा डाखलेला आहे. गाळणीचा काळ १५ मिलिसेकंदांपर्यंत नेऊन पाहिला, दुहेरी काना कमी झाला पण थांबला नाही. आणि माझा खरा आक्षेप हाच आहे: संपर्काचा स्विच फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’ सांगतो, चेरी एमएक्सच्या ४ मिलिमीटरच्या प्रवासात तो ‘हो’ साधारण २ मिलिमीटरवर कायमचा ठरलेला असतो. हॉल संवेदक कळ किती खाली आहे ते सांगतो, म्हणून ती कुठे उमटावी हे मला ठरवता येते. हलक्या हाताने टंकणाऱ्याने तो बिंदू वर घ्यावा, जड बोटांच्या माणसाने खाली न्यावा.

परिपथी

ते स्वातंत्र्य खरे आहे, परंतु फर्मवेअर बंदिस्त असेल आणि उत्पादकाचे सॉफ्टवेअर तुमच्या लिनक्स संगणकप्रणालीवर चालत नसेल तर तो बिंदू हलवणार कसा? कळफलक घेण्याआधी एवढे मात्र विचारून घ्या.