३ टीबीची हार्ड डिस्क विंडोजमध्ये ७४६ जीबी दिसते. डेटाला धक्का न लावता ड्रायव्हर बदलता येईल का?

नमस्कार मंडळी,

जुन्या डेस्कटॉपला ३ टीबीची सॅटा हार्ड डिस्क जोडली आहे. ती दुसऱ्या मशीनवर जीपीटी (डिस्कवरची पार्टिशन नोंदवण्याची नवी पद्धत) करून भरलेली आहे आणि आईच्या गाण्याच्या कॅसेटवरून उतरवलेलं सगळं ध्वनिमुद्रण तीतच आहे. कॅसेट आता वाजत नाहीत, दुसरी प्रत कुठेच नाही. म्हणून हात लावण्याआधी विचारतोय.

विंडोज ७ मध्ये डिस्क ७४६.५२ जीबीची दिसते, पार्टिशन दिसतच नाही. डिस्क मॅनेजमेंट उघडलं की इनिशियलाइझ करायचं का (म्हणजे डिस्कवर नवं पार्टिशन टेबल लिहायचं का) असं विचारतं. मी दर वेळी कॅन्सल करतो. तीच डिस्क, तीच केबल, तोच पोर्ट ठेवून लाइव्ह पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं, तर कर्नलच्या लॉगमध्ये ५१२ बाइटचे ५,८६,०५,३३,१६८ सेक्टर (डिस्कवरचे साठवणीचे तुकडे), म्हणजे पूर्ण ३ टीबी! रीड-ओन्ली माउंट करून पाहिलं, फोल्डरही उघडतात.

मग हिशेब करून बघितला. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ सेक्टर मावतात. एकूण सेक्टरमधून ते वजा केले की १,५६,५५,६५,८७२ उरतात आणि त्यांचे (विंडोज १०२४ च्या पटीत मोजतं ते धरून) बरोबर ७४६.५२ जीबी होतात. म्हणजे सेक्टरची संख्या ३२ बिटांत कोंबली जातेय आणि वरचा भाग गळतोय. विंडोज ७ ला एवढी जीपीटी डेटा डिस्क चालते, त्यामुळे माझा संशय मदरबोर्डच्या सीडीवरून टाकलेल्या जुन्या सॅटा ड्रायव्हरवर (विंडोजला डिस्कच्या कंट्रोलरशी बोलू देणाऱ्या प्रोग्रॅमवर) आहे. बायोसमध्ये सॅटाचा मोड एएचसीआय (सॅटा डिस्क चालवण्याची नेहमीची पद्धत) आहे, रेड (अनेक डिस्क एकत्र जोडण्याची पद्धत) नाही.

तो ड्रायव्हर काढून विंडोजचा स्वतःचा टाकला तर डिस्कवर काही लिहिलं जाईल का? आणि बायोस १६३८३ सिलिंडर, १६ हेड, ६३ सेक्टर दाखवतं, त्याचा गुणाकार जेमतेम ८.४ जीबी येतो. तेही दुरुस्त करायचं का?

प्रतिसाद १

हिशेब चोख आहे. आधी लिनक्समधूनच दुसऱ्या डिस्कवर प्रत घ्या, बाकी सगळं नंतर. या ड्रायव्हरवर असताना इनिशियलाइझ, फॉरमॅट, चेकडिस्क काहीही करू नका. २ टीबीच्या पलीकडचा पत्ता असा कापला गेला, तर लिखाण डिस्कच्या सुरुवातीला जाऊन पडतं, आणि पार्टिशन टेबल तिथेच असतं.

ड्रायव्हर बदलताना डेटा डिस्कवर काही लिहिलं जात नाही, तरी तेवढ्यापुरती तिची केबल काढून ठेवा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कंट्रोलरवर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, यादीतून ‘स्टँडर्ड एएचसीआय १.० सिरियल एटीए कंट्रोलर’, मग रीस्टार्ट. बायोसमधला मोड मात्र हलवू नका, नाहीतर विंडोज सुरू होतानाच निळा स्क्रीन येऊ शकतो.

सिलिंडर-हेडचं सोडून द्या. ८.४ जीबीच्या वरच्या एटीए डिस्क ठरल्याप्रमाणे हेच आकडे सांगतात, प्रत्यक्ष काम एलबीएवर, म्हणजे सेक्टरना दिलेल्या सलग क्रमांकांवर चालतं.

धागाकर्ता

प्रत घेतली, थोड्या फाइल्स उघडून पडताळल्या, मगच ड्रायव्हर बदलला. आता २७९४.५२ जीबी दिसते आणि पार्टिशन न मागता समोर आलं. मनापासून आभार! प्रत घेतलेली डिस्क काढून वेगळी ठेवली आहे.