कुसळाचं काम चिकटण्यावर संपत नाही

कुसळी गवताची कुसळं, म्हणजे लांब शेपटीच्या टोकदार बिया, जनावरांच्या अंगाला चिकटतात आणि तेवढ्यावर बी पसरतं, असं म्हणतात. पसरण्यापुरतं बरोबर आहे. आमच्याकडं मेंढरांच्या लोकरीत ती इतकी गुंततात की कातरताना हात सोलून निघतात. पण खरी गंमत बी खाली पडल्यावर सुरू होते.

दिवाळीनंतर मसाई पठारावरून उतरलो की पायमोजे कुसळांनी भरलेले असतात. त्यातलं एक वाळलेलं कुसळ तळहातावर ठेवा आणि पाण्याचा एक थेंब टाका. काळपट, पीळ पडलेली लांब शेपटी हळूहळू उलगडत गोल फिरू लागते. वाळली की परत पीळ घेते. रात्री दव, दिवसा ऊन, असं चालू राहतं आणि बियाचं टोक मातीच्या भेगेत गिरमिटासारखं शिरत जातं. टोकाला उलटे, ताठ केस असतात, त्यामुळं आत गेलेलं बी मागं येत नाही. मेंढरांच्या कातडीत ते रुततं तेही याच केसांमुळं. शेपटीत जीव नसतो बरं का, सगळा खेळ ओलाव्यानं फुगण्या-आकसण्याचा.

याचा फायदा उन्हाळ्यात कळतो. डोंगराला वणवा लागला की वरचं गवत जळून खाक होतं, पण मातीत थोडं जरी खोल गेलेलं बी वाचतं. वळवानंतर त्याच काळ्या उतारावर हिरवे कोंब दिसतात. आजोबा म्हणायचे, "कुसळी मरत न्हाई रं, ती खाली बसलीया." मुलांना हा थेंबाचा प्रयोग नक्की दाखवा, दहा मिनिटं पुरतात.