कोकरांना ढेप वाढवली तर ग्रोथ हार्मोन वाढतं का?

साक्रीचा_मेंढपाळ:
राम राम मंडळी. माझी ३ महिन्याची कोकरं आहेत, दूध तोडलंय आता, बाजरीचा कडबा आणि मक्याचा भरडा देतो पण अंगच धरत नाहीयेत. एक जण म्हणे ग्रोथ हार्मोनचं इंजेक्शन टोच, दुसरा म्हणे सरकी ढेप डबल कर त्याने हार्मोन वाढतं. खरं काय?

गुरांचा_डॉक्टर_धुळे:
इंजेक्शनचा विषयच सोडा भाऊ. गंमत अशी की उपाशी किंवा प्रोटीन कमी पडलेल्या कोकराच्या रक्तात ग्रोथ हार्मोन कमी नसतं, उलट बऱ्याचदा जास्तच असतं! ते मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि लिव्हरला सांगतं की आयजीएफ-१ (वाढीचं दुसरं हार्मोन) बनव, हाडं आणि मांस वाढवायचं बरंचसं काम हे आयजीएफ-१ करतं. पण खाणं कमी पडलं की लिव्हर त्या हार्मोनला दादच देत नाही, म्हणून आयजीएफ-१ खाली जातं आणि वाढ थांबते. म्हणजे वरून ऑर्डर येतेय पण कारखान्यात माल नाही. आणि नुसतं प्रोटीन नाही, एनर्जी पण पाहिजे, नाहीतर जास्तीच्या ढेपेचा अमोनिया होऊन युरिया म्हणून लघवीतून जातो, पैसा पाण्यात.

ढेपवाला_आप्पा:
तसं नही शे भाऊ की ढेप ओतली म्हणजे झालं. एवढ्या लहान कोकरांना सरकी ढेप जपून, त्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं आणि कोवळ्या पोटाला ते बाधतं. मी मका भरडा ५० किलो, शेंगदाणा ढेप २०, तूर-हरभरा चुनी २७, मिनरल मिक्श्चर २, मीठ १ असं कालवतो, प्रोटीन १६-१७ टक्क्याच्या आसपास बसतं. ढेपेला बुरशी असेल तर फेकून द्या, लोभ नको. आणि खुराक हळूहळू वाढवा, एकदम वाढवला की आंत्रविषार (आतड्यात विष तयार होण्याचा रोग) होतो, त्याची लस दिलीय ना?

साक्रीचा_मेंढपाळ:
लस नाही दिली आप्पा... जंताचं औषध पण राहिलंय 😅

गुरांचा_डॉक्टर_धुळे:
मग आधी ते करा, ढेपेचं नंतर बघू. पोटात जंत असतील तर बरंचसं प्रोटीन तुम्ही जंतांनाच चारताय.