रिव्हॉल्व्हरचं 'टायमिंग' गेलं, याला मराठीत नेमकं काय म्हणायचं?

मी अमेरिकेत असतो, इथे सेकंडहँड रिव्हॉल्व्हर घेताना काय तपासायचं यावर मराठीत लिहितोय. उदाहरणाला स्मिथ अँड वेसनचं मॉडेल १० घेतलंय, १८९९ पासून चालत आलेलं डिझाइन, १९५७ मध्ये हा नंबर मिळाला, जुन्या बाजारात भरपूर दिसतं. अडलंय ते 'टायमिंग'वर. 'कालमेळ' लिहिलं तर वाचणाऱ्याला काही कळत नाही. आणि सिलिंडर म्हटलं की घरातला गॅस आठवतो. काय लिहू?

—

दादा, 'टायमिंग'च ठेवा. गॅरेजमधला माणूससुद्धा 'इंजिनाचं टायमिंग गेलंय' असंच म्हणतो, सगळ्यांना कळतं. सिलिंडरपण राहू दे, पहिल्यांदा येईल तिथे 'गोळ्यांचं फिरतं चक्र' असं एकदा लिहा म्हणजे झालं. चेंबरला मात्र 'घर' छान बसतं, सहा गोळ्यांची सहा घरं.

पण माझं खरं म्हणणं वेगळंच आहे. लोक तीन वेगवेगळ्या बिघाडांना 'टायमिंग गेलंय' म्हणतात आणि तिन्हींची दुरुस्ती वेगळी असते, म्हणून शब्द वेगळे हवेतच. टायमिंग म्हणजे फक्त एवढंच, की घोडा मागे जाऊन अडकायच्या आत सिलिंडर पूर्ण फिरून त्याच्या खाचेत अडसर बसला पाहिजे. बसला नाही तर 'सिलिंडर मागे राहतो' म्हणा, साधं आहे आणि चित्र डोळ्यासमोर येतं. सिलिंडर खाचेत बसल्यावरही डावीउजवीकडे हलतो तो 'ढिलेपणा', थोडासा असला तर स्मिथमध्ये चालतो. आणि पुढेमागे सरकतो ती 'सरक'. चौथी गोष्ट म्हणजे अडसर वेळेवर बसतो, सगळं घट्ट आहे, पण घर आणि नळी एका रेषेत नाहीत, तिथे 'रेषा चुकली' लिहा, त्याला टायमिंग म्हणूच नका.

—

घोडा आणि चाप यांचाही घोळ मिटवा बुवा! बोटाने ओढतो तो चाप, मागून आदळतो तो घोडा. पण 'घोडा दाबला' असं बोलणारेही भेटतात, आणि मुंबईत तर अख्ख्या हत्याराला घोडा म्हणतात. तुमच्या लेखात सगळी तपासणी घोडा कुठे पोचला यावरच आहे, तिथे गडबड झाली तर वाचणारा भलतंच तपासत बसेल.

—

अगदी बरोबर. तपासणीचं वाक्य असं लिहिता येईल बघा: सिलिंडर उघडून सहाही घरं रिकामी असल्याची डोळ्यांनी खात्री करा, मग बंद करून सिलिंडरवर बोट हलकंच टेकवा आणि घोडा अगदी सावकाश मागे ओढा. घोडा अडकला तरी अडसर बसल्याचा 'टक' आला नाही आणि सिलिंडर बोटाने फिरण्याच्या दिशेने जरा ढकलल्यावर तो आला, तर ते घर मागे राहतंय. सहाही घरांना करायचं, कारण बऱ्याचदा एखाद-दोन घरंच मागे राहतात. इथे 'सावकाश' हा शब्द गाळू नका, झटक्यात ओढलं की सिलिंडर स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन बसतो आणि दोष लपतो. जुन्या स्मिथमध्ये रिकाम्या पुंगळ्या किंवा डमी घालून परत बघावं, पुंगळ्या बाहेर काढणारी चांदणी सैल असेल तर घरं रिकामी असताना खोटाच दोष दिसतो. चांदणीखाली कचरा साचलाय का तेही आधी बघा.

दुरुस्तीत इंग्रजीतल्या 'हँड'ला 'हात' करू नका, 'सिलिंडर ढकलणारी पट्टी' म्हणा. स्मिथमध्ये ती झिजली की जरा जाड पट्टी घेऊन कानशीने थोडी थोडी घासून बसवतात, आणि दरवेळी सहाही घरं परत तपासतात. सरक असेल तर २ हजारांश इंचाचे वॉशर घालतात. ही कामं तिथल्या गनस्मिथचीच, आणि महाराष्ट्रातले वाचकही असणार म्हणून एक ओळ नक्की टाका की आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे दुरुस्तीच्या धंद्यालाही लायसन्स लागतं.

—

खूप आभार, 'मागे राहतो' आणि 'सरक' दोन्ही घेतले. आता एकच राहिलं, 'फोर्सिंग कोन', म्हणजे गोळी सिलिंडरमधून नळीत शिरते ती जागा. गोळी तिरकी आली की तिथेच घासते आणि शिशाचे कण बाजूला उडतात, म्हणून टाळताही येत नाही. 'नळीचा घसा' चालेल का?

—

घसा नको. इंग्रजीत सिलिंडरच्या घरांनाही 'थ्रोट' असतो, पुढे त्याबद्दल लिहायची वेळ आली की अडकाल. 'नळीचं तोंड' तर मुळीच नको, ते पुढचं टोक. 'नळीची मागची, आतून पसरट केलेली कड' असं एकदा सांगा आणि नंतर नुसतं 'मागची कड' चालवा.