मदत हवी आहे: पेशंट बोलते कसे करावेत?

नमस्कार मंडळी. मी कोल्हापुरात एम.एस्सी. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रबंध डायलिसिसच्या पेशंटच्या अनुभवांवर, विश्लेषण कोलायझी या संशोधकाच्या सात पायऱ्यांनी (१९७८; मुलाखतींतून अनुभवाचा अर्थ काढायची पद्धत).

अडचण मुलाखतीची. चार तास मशीनला जखडलेला माणूस, शेजारी बायको, समोर ओळखीची सिस्टर. "कसं वाटतंय?" विचारलं की "बरं हाय की!" संपलं. रेकॉर्डर बंद केला की मात्र गडी खुलतो: मोजून प्यायचं पाणी, राधानगरीहून पहाटेची एसटी, घरात पांढरा रस्सा शिजला की उठून अंगणात बसणं. सोनंच ते, पण संमतीशिवाय वापरता येत नाही (आणि वापरूही नये).

मुलाखती घरी जाऊन घ्याव्यात का? आणि "जीव नकोसा झालाय" याचं कोडिंग (म्हणजे वाक्याला अर्थाचं लेबल देणं) मराठीतच ठेवता की इंग्रजीत? अनुभवी लोकांनी सांगा, प्लीज.