आधी नावांचा तक्ता करा, नकाशा मग

ताई, जुनी कागदपत्रं आणि नकाशे संगणकावर अभ्यासायला इतिहासाच्या शिक्षकाने कोडिंग शिकायलाच हवं का, असं तुम्ही विचारलंत. माझ्या मते सुरुवातीला अजिबात नको. आधी साधी एक्सेल शीट उघडा.

मी वाशीम जिल्ह्यातल्या एका खेड्यात शिकवतो. १८७० चं वऱ्हाडचं इंग्रजी गॅझेटिअर, म्हणजे त्या भागाची माहिती देणारा सरकारी ग्रंथ, पीडीएफमध्ये मिळालं, पण 'वाशीम' शोधलं तर काहीच सापडेना. तिथे गाव 'बासिम' आहे! अचलपूर 'एलिचपूर' आहे आणि आजचा यवतमाळ जिल्हा 'वून', म्हणजे वणीच्या नावाने. म्हणून आठवीच्या पोरांकडून तक्ता करून घेतला: जुनं स्पेलिंग, आजचं नाव, तालुका, अक्षांश-रेखांश. महिनाभर लागला, पण त्यानंतर शोध नीट चालू लागला.

मग तोच तक्ता क्यूजीआयएसमध्ये टाकला. हे नकाशे करायचं सॉफ्टवेअर फुकट आहे आणि एकदा उतरवून घेतलं की नेटशिवाय चालतं; आमच्याकडे हे फार महत्त्वाचं. जुना नकाशा स्कॅन करून आजच्या नकाशावर बसवताना खुणेसाठी नदीचा काठ घेऊ नका, तो सरकतो. जुनं देऊळ, किल्ल्याचा बुरूज, रेल्वेचा पूल धरा.

बासिम जिल्हा १९०५ मध्ये मोडला आणि वाशीम पुन्हा जिल्हा झाला तो १९९८ मध्ये. पडद्यावर त्या सीमा एकावर एक दिसल्या तेव्हा एक पोरगी म्हणाली, "सर, मंग आपलं गाव मधात कुठं होतं?" सध्या आम्ही तेच शोधतोय. तक्ता हवा असेल तर सांगा, पाठवतो.