घरच्या स्टुडिओत घूं, चीं आणि स्स्स : सल्ला हवा (बजेट केबलपुरतं)

रात्रीचा_निवेदक (धागाकर्ता)
मंडळी, मदत करा. घरातल्या एका खोलीत निवेदनाचं रेकॉर्डिंग करतो. दोन इनपुटचा यूएसबी इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपमध्ये नेणारा डबा), डायनॅमिक माइक, लॅपटॉप (थ्री पिन चार्जर) आणि दोन पॉवर्ड स्पीकर (ॲम्प्लिफायर आतच असलेले), एवढाच पसारा. त्रास तीन प्रकारचा आहे. स्पीकरमधून सतत खर्जातली घूंऽऽ येते. माउस हलवला किंवा पान स्क्रोल केलं की त्या घूंवर बारीक चीं-चीं चढते, हात थांबला की तीही थांबते. आणि रेकॉर्ड झालेल्या आवाजामागे स्स्स असते. दोन वाक्यांच्या मधल्या जागेत ती फारच कानात जाते.

बजेट एखाद्या केबलचं, किंवा तेवढ्या किमतीच्या एखाद्या वस्तूचं. नवीन इंटरफेस आणि नवीन माइक सुचवू नका. सुचवणारे येणारच, हे माहीत असूनही लिहितोय.

षड्ज_पंचम
आलोच :) इंटरफेस बदला. मला अगदी हाच त्रास होता. केबली बदलून थकलो, मग वेगळ्या अडॉप्टरवर चालणारा वरच्या रेंजचा इंटरफेस घेतला आणि सगळं चिडीचूप. प्रीॲम्प (माइकचा बारीक सिग्नल मोठा करणारा भाग) असे की माइक चालू आहे की नाही, शंका यावी. एकदाच खर्च करा आणि मोकळे व्हा.

हौशी_वायरमन
षड्जराव, त्यांनी लिहिलेलं वाचलंत तरी का?

निवेदक, आधी एक सांगा. घूं आणि चीं रेकॉर्डिंगमध्ये उतरतात की फक्त स्पीकरमधून ऐकू येतात? इंटरफेसमध्येच हेडफोन लावा आणि स्पीकर बंद करून ऐका. मग लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. यात पैसा लागत नाही आणि निम्मं निदान होतं. इथले सगळे औषधापासून सुरुवात करतात.

कोपऱ्यातला_श्रोता
रुमाल टाकून ठेवतो. माझ्याकडेही घूं आहे.

जुनं_खोड
अर्थिंगचा लूप आहे, दुसरं काही नाही. स्पीकरच्या प्लगची तिसरी पिन काढा, किंवा थ्री पिनचा टू पिन करणारा कन्व्हर्टर लावा. घूं जागच्या जागी बंद. आमच्या ऑर्केस्ट्रात कायम हेच करायचो, कोणाला काही झालं नाही.

तिसरी_घंटा
कृपया हे करू नका!! तिसरी पिन आवाजासाठी दिलेली नसते. स्पीकरच्या आत कुठे फॉल्ट होऊन धातूच्या भागावर करंट आला, तर त्याला जायला वाट हवी आणि फ्यूज किंवा एमसीबी उडायला हवा, यासाठी ती असते. पिन काढलीत की ती वाट तुमच्या अंगातून जाते. ओठ माइकच्या जाळीला आणि हात लॅपटॉपला, म्हणजे विचारूच नका.

जुनं_खोड
आम्ही अजून जिवंत आहोत.

तिसरी_घंटा
जे नाहीत ते धाग्यावर उत्तर द्यायला येत नाहीत.

हौशी_वायरमन
घंटाताईंशी शंभर टक्के सहमत. अर्थ तोडायचाच असेल तर सिग्नलच्या वाटेवर तोडतात, विजेच्या नाही. डीआय बॉक्सवर (वाद्य आणि मिक्सरच्या मध्ये लावायची डबी) ग्राउंड लिफ्टचं, म्हणजे सिग्नलचा अर्थ तोडायचं, बटण असतं ते त्यासाठीच. ट्रान्सफॉर्मरवाल्या आयसोलेटरमध्ये सिग्नल चुंबकीय क्षेत्रातून पलीकडे जातो, दोन्ही बाजूंना तारेने जोडावंच लागत नाही.

लूप होतो कसा ते थोडक्यात. लॅपटॉपचा अर्थ चार्जरमधून भिंतीत जातो, स्पीकरचा त्यांच्या प्लगमधून. इंटरफेस ते स्पीकर केबलची शील्ड (आतल्या तारेभोवतीची जाळी) या दोघांना मधून जोडते. दोन सॉकेटच्या अर्थमध्ये किंचित जरी फरक असला तरी शील्डमधून करंट वाहतो, आणि केबल अनबॅलन्स्ड (सिग्नलची तार एकच, परतीची वाट शील्डमधून) असेल तर स्पीकर तो सिग्नल समजून वाजवतो. लॅपटॉपच्या पोटातली डिजिटल कचकच याच वाटेने येते, म्हणून माउस हलवला की चीं-चीं.

फोमची_भिंत
मी चारही भिंतींना अकूस्टिक फोम लावला. खोलीचा आवाजच बदलला!! नॉइज खूप कमी झाला. तुम्हीही लावा.

कानसेन
फोमने खोलीतला प्रतिध्वनी कमी होतो. तारेतून येणाऱ्या घूंला भिंतीवर काय चिकटवलंय याच्याशी देणंघेणं नाही. बाहेरचा ट्रॅफिकही फोमने अडत नाही, त्याला वजनदार भिंत आणि बंद फटी लागतात.

फोमची_भिंत
माझा तरी कमी झाला. ज्याचा त्याचा अनुभव.

सहा_तारा
अवांतर होतंय, पण माझ्या इलेक्ट्रिक गिटारला अशीच घूं आहे. गिटार घेऊन खुर्ची फिरवली की कमी-जास्त होते. तारांना हात लावला की कमी होते. हाही ग्राउंड लूपच का?

कानसेन
नाही. सिंगल कॉइल पिकअप (तारांची कंपनं पकडणारी एकच गुंडाळी) असणार. ती कॉइल आसपासच्या ट्रान्सफॉर्मरचं, डिमरचं चुंबकीय क्षेत्र पकडते, म्हणून दिशा बदलली की हम, म्हणजे ती घूं, बदलतो. कमीत कमी येईल त्या कोनात बसून वाजवा आणि लाइटचा डिमर बंद ठेवा. हात लावल्यावर कमी होणारा भाग वेगळा. तुमचं शरीर आजूबाजूची विद्युत गडबड गोळा करून पिकअपच्या जवळ आणत असतं. तारांना हात लागला की ती गिटारच्या ग्राउंडमध्ये जाते. म्हणजे तारांचं ग्राउंडिंग शाबूत आहे, चांगली गोष्ट आहे. आता मूळ विषयाकडे वळूया का?

मोबाइलवाला
फोन लांब ठेवता ना? टूजी नेटवर्कवर असलेला फोन शेजारी असला की टिक्-टिर्र-टिर्र येतं. जीएसएममध्ये फोन सेकंदाला साधारण 217 वेळा झटक्याने ट्रान्समिट करतो, तेच ऐकू येतं.

रात्रीचा_निवेदक
सगळ्यांचे आभार. वायरमनदादांनी सांगितलेलं करून पाहिलं.
हेडफोनमध्ये घूं नाही, चीं नाही. रेकॉर्डिंगमध्येही दोन्ही नाहीत. चार्जर काढला तर स्पीकरमधली चीं पूर्ण गेली आणि घूं जवळजवळ गेली. स्स्स मात्र रेकॉर्डिंगमध्ये जशीच्या तशी. गेनचं बटण (माइकचा सिग्नल किती वाढवायचा ते ठरवणारं) जवळपास शेवटापर्यंत फिरवलेलं असतं, नाहीतर आवाज बारीक येतो. माइक टेबलावरच्या छोट्या स्टँडवर आहे, तोंडापासून हातभर लांब असेल.
फोन विमान मोडवर असतो.

हौशी_वायरमन
सुटलं की! स्पीकरकडे जाणाऱ्या केबलचा जॅक बघा. टोकाजवळ काळी रेघ एक आहे की दोन? एक असेल तर टीएस, म्हणजे अनबॅलन्स्ड. दोन असतील तर टीआरएस, म्हणजे बॅलन्स्ड सिग्नल नेऊ शकणारी. इंटरफेसचं आउटपुट आणि स्पीकरचं इनपुट दोन्ही बॅलन्स्ड असेल, तर दोन टीआरएस केबली घेतल्या की काम झालं. बॅलन्स्ड केबलमध्ये सिग्नल दोन तारांवर जातो, दुसरीवर उलटा. स्पीकर फक्त त्यांच्यातला फरक वाजवतो, त्यामुळे दोन्हींवर सारखीच चढलेली घूं वजाबाकीत उडून जाते.
त्याआधी फुकटातलं एक करा. लॅपटॉपचा चार्जर आणि दोन्ही स्पीकर एकाच एक्स्टेंशन बोर्डवर लावा. अर्थमधला फरक घटतो, कधी कधी एवढ्यानेच भागतं.

कोपऱ्यातला_श्रोता
बोर्ड एक केला, माझी घूं अर्ध्यावर आली. धन्यवाद. रुमाल उचलतो.

षड्ज_पंचम
आणि स्स्सचं काय? ते प्रीॲम्पचंच काम आहे. म्हणून म्हणत होतो, इंटरफेस बदला.

कानसेन
षड्जजी, हिशेब करून बघा. माइकमधला 150 ओहमचा रेझिस्टन्स स्वतःच खोलीच्या तापमानाला सुमारे उणे 131 डीबीयू इतका नॉइज करतो (डीबीयू हे सिग्नलच्या पातळीचं माप, उण्यात जितकं खाली तितकं शांत). हे निसर्गाचं भाडं आहे, कोणत्याही कंपनीला चुकत नाही. आजच्या बऱ्याच चांगल्या इंटरफेसच्या नॉइजचा आकडा उणे 128 च्या आसपास असतो. म्हणजे कितीही पैसे ओतले तरी तिथून सुटणार फार तर 3 डेसिबल. उलट माइक 30 सेंटिमीटरवरून 15 वर आणला तर आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, तेवढा गेन खाली घ्या, पैसे शून्य.

निवेदक, हातभर लांबून डायनॅमिक माइकवर बोलणं हेच कारण आहे. या जातीच्या माइकचा सिग्नलच बारीक असतो, काहींना साध्या बोलण्यासाठी 60 डेसिबलच्या आसपास गेन लागतो. चार बोटांवर या. अगदी समोरून न बोलता थोडं तिरकं बोला, म्हणजे प-फ-भ चे फटके बसणार नाहीत. जवळ आल्यावर खर्ज फुगेल, तो 80 हर्ट्झच्या हाय-पास फिल्टरने (त्याखालचा खर्ज कापणारा) आणि थोड्या ईक्यूने (खर्ज-तीव्र कमी-जास्त करून) आवरा.

आणि स्स्स नक्की कशाची आहे ते असं ओळखा. माइक जोडलेलाच ठेवून कपड्यांनी भरलेल्या कपाटात ठेवा, दार लावा, त्याच गेनवर रेकॉर्ड करा. स्स्स बरीच कमी झाली तर ती खोलीची होती. पंखा, लॅपटॉपचा फॅन, खिडकी. तशीच राहिली तर इलेक्ट्रॉनिक्सची. माइकची केबल उपटून मात्र मोजू नका. रिकाम्या इनपुटवर बऱ्याचदा जास्तच खरखर येते आणि माणूस प्रीॲम्पला उगाच शिव्या घालतो.

बूस्टर_भक्त
इनलाइन बूस्टर घ्या! माइक आणि इंटरफेसच्या मध्ये लावायचा, फँटम पॉवरवर (इंटरफेस माइकच्या केबलमधून देतो ती वीज) चालतो, 20-25 डीबी सरळ वाढतात. मी घेतल्यापासून गेन निम्म्यावर ठेवतो. आयुष्य बदललं.

कानसेन
इंटरफेसचे प्रीॲम्प खरंच गरीब असतील तर फायदा होतो. बरे असतील तर बटण निम्म्यावर दिसतं आणि नॉइज तिथेच राहतो. शिवाय बजेटच्या बाहेर.

बूस्टर_भक्त
माझ्या कानांना फरक कळतो. आकडे तुम्ही ऐका.

धावता_वाचक
सगळे प्रतिसाद वाचले नाहीत, पण लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. आणि यूएसबी आयसोलेटर (यूएसबीच्या वाटेवरची अर्थची जोडणी तोडणारी डबी) मिळतो छोटासा, तो लावा.

हौशी_वायरमन
आयसोलेटर बघूनच घ्यावा. स्वस्तातले बरेचसे 12 एमबीपीएसपर्यंतच जातात. इंटरफेस हाय-स्पीड यूएसबीचा, म्हणजे 480 वाला असेल तर तो एकतर ओळखला जात नाही किंवा आवाज तुटत येतो. शिवाय पलीकडे पुरेसा करंट पोचत नाही म्हणून काहींचा इंटरफेस चालूच होत नाही. यांना टीआरएस केबल पुरे.

फोमची_भिंत
कपाटाचा प्रयोग म्हणजे शेवटी फोमच झाला ना?

रात्रीचा_निवेदक
अपडेट. कपाटाचा प्रयोग केला. स्स्स बरीच कमी झाली, म्हणजे निम्मी खोलीचीच होती. लॅपटॉप माइकपासून दोन फुटांवर होता, त्याचा फॅन स्वच्छ ऐकू येतो हे आता कळतंय. स्पीकरच्या जॅकवर रेघ एकच आहे, तेही खरं निघालं.

पण केबल घेत नाहीये. स्पीकर काढून ठेवलेत. रेकॉर्डिंगमध्ये घूं येतच नव्हती आणि निवेदन मी हेडफोनवरच तपासतो, मग जो आवाज कोणाकडे जाणारच नाही त्यावर कशाला खर्च करू? त्या पैशांत टेबलाला क्लॅम्प होणारा माइकचा आर्म घेतला. माइक तोंडाशी आला, लॅपटॉप टेबलाच्या पार टोकाला गेला, रेकॉर्डिंग बॅटरीवर. गेनचं बटण आता घड्याळाचा काटा दोन वाजता असतो तिथवरच आहे आणि दोन वाक्यांच्या मध्ये जे उरलंय ते चालण्यासारखं आहे.

हौशी_वायरमन
अहो, दोन केबलींचा प्रश्न होता!

षड्ज_पंचम
हेडफोनवर फायनल करणार? खर्ज किती आहे ते कळणारच नाही. एक दिवस स्पीकर परत लावावेच लागतील, तेव्हा घूं तिथेच असेल.

कानसेन
एकट्या बोलण्याच्या आवाजाला हेडफोन चालतात. वाक्यांच्या मधली खरखर, श्वास, ओठांची चटचट तर हेडफोनवरच नीट सापडते. फक्त नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारा) लावून मधल्या जागा ठार शांत करू नका. शब्दाबरोबर खोली येते-जाते ते फार खटकतं. सुरुवातीला काही सेकंद नुसती खोली रेकॉर्ड करून ठेवा आणि कापलेल्या जागी ती भरा.

तिसरी_घंटा
आर्म क्लॅम्प केलाय तर टेबलावर हात आपटू नका, धक्का आर्ममधून थेट माइकमध्ये जातो. क्लॅम्पखाली जाड रबराचा तुकडा ठेवा.

सहा_तारा
डिमर बंद केला, हम बराच कमी झाला. पण आता गिटार खिडकीकडे तोंड करूनच वाजवावी लागते, आणि पेडल उलट्या बाजूला आहेत. पिकअप बदलू का?

षड्ज_पंचम
हमबकर (हम कापणारे दोन कॉइलचे पिकअप) टाका. मी टाकलेत.